आपला हिशेब आपल्याकडे: रोजच्या नोंदींची पार्श्वभूमी

पावलं, झोप, खर्च, साखर रोज टिपून ठेवणाऱ्यांना आकड्यांचं वेड लागलंय असं सहज म्हटलं जातं. सोलापुरात ही सवय मोबाइलच्या फार आधीची. समोरच्याच्या वहीत आपला दिवस कसा लिहिला जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून ती लागली.

गिरणीतली हजेरी आणि खाडे मालकाच्या पुस्तकात असत. शहराच्या पूर्व भागात घरी बिड्या वळणाऱ्या बायकांचंही तेच. त्यात सगळ्यात गुंत्याचा शब्द 'छाट'. हजार बिड्या कारखान्यात नेऊन दिल्या की तपासणीत काही बाजूला निघतात: पान फाटकं, तंबाखू कमी, तोंड नीट मुडपलेलं नाही. पण छाट ही बिडीची प्रत की मजुरीतली कपात? पान-तंबाखूच कमी किंवा हलका मिळाला असेल, तर दोष कोणाचा? १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने कच्चा माल, नापास बिड्या आणि त्यांची मजुरी यांवरच्या तंट्यांसाठी वेगळी तरतूद केली. म्हणजे भांडण खरं होतं हे कायद्यानेच मानलं. पुरावा मात्र बाईनेच ठेवायचा. आमच्या गल्लीतल्या एका मावशींच्या कॅलेंडरला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली असे. तारखेच्या चौकोनात वर दिलेल्या बिड्या, खाली घेतलेल्या. शेजारी दुधाचा खाडा, आणि चार-पाच दिवसांनी येणाऱ्या नळाच्या पाण्याची वेळ.

पावलांची गोष्ट वेगळी. १९६५ मध्ये जपानमध्ये एक पाऊलमापक विकायला आला; त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मापक'. हा आकडा त्या नावातून जगभर पसरला, वैद्यकीय संशोधनातून नव्हे. २००७ मध्ये अमेरिकेत आकड्यांतून स्वतःला ओळखण्याची चळवळ सुरू झाली. मग फोन आणि मनगटावरची घड्याळं आपणहून मोजू लागली, आणि वही पुन्हा दुसऱ्याच्या हातात गेली. हा बदल मला सगळ्यात मोठा वाटतो. सिद्धेश्वर तलावाकाठी पहाटे चालणारे एकमेकांना आकडे दाखवतात, पण नोंद राहते कंपनीकडे.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपल्याबद्दलच्या माहितीचा गोषवारा मागण्याचा हक्क आला. गोषवाराच. महिन्याची बेरीज मावशींना कारखान्यातूनही कळायची. भांडायला उपयोगी पडायचे ते रोजचे चौकोन.