झॉर्क कुठल्याही यंत्रावर कसा काय चालतो?

माळ्यावरून उतरवलेला, सीपी/एम या जुन्या प्रणालीवर चालणारा संगणक असो, तळहातावर मावणारा पामटॉप असो की फोन, त्यावर काहीतरी चालवून दाखवायचं म्हटलं की हौशी मंडळी झॉर्क चढवतात. हा नुसत्या शब्दांतून खेळायचा जुना संगणकी खेळ. चित्र नाही, आवाज नाही. एक पांढरं घर, समोर टपालपेटी. ‘ओपन मेलबॉक्स’ टाइप केलं की आत पत्रक सापडतं, आणि खेळ सुरू. कुठल्याही यंत्रावर चालायची ही सोय जन्माला आली ती 1979 सालच्या धंद्याच्या अडचणीतून.

अशा शब्दखेळांच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या गुहा पालथ्या घातलेल्या विल क्राउदर यांनी तो फोरट्रान या संगणकभाषेत लिहिला. 1977मध्ये डॉन वुड्स यांनी वाढवला. त्यावरून चेव येऊन अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेतल्या चौघांनी त्याच वर्षी झॉर्क रचायला घेतला, तोही कपाटांएवढ्या पीडीपी-10 संगणकावर.

पुढे झॉर्क विकणारी इन्फोकॉम कंपनी निघाली आणि प्रश्न आला, हा अवाढव्य खेळ घरगुती संगणकांत कोंबायचा कसा? टीआरएस-80, अ‍ॅपल टू, अटारी, प्रत्येकाची तऱ्हा निराळी आणि मेमरी तुटपुंजी. दर वेळी नव्यानं लिहीत बसणं परवडणारं नव्हतं. मग जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी अस्तित्वातच नसलेला एक संगणक कागदावर रचला: झेड-मशीन. खेळ लिहायचा तो या काल्पनिक यंत्रासाठी, एकदाच. खऱ्या संगणकावर बसवायचा फक्त एक छोटा दुभाष्या, म्हणजे इंटरप्रिटर. खेळाचे तीन भाग केले. मेमरीत न मावणारा मजकूर फ्लॉपीवरून लागेल तसा उचलायचा. अक्षरंसुद्धा दाबून बसवलेली: दोन बाइटमध्ये तीन. एका अक्षराच्या वाट्याला पाच बिट, म्हणजे 32 खुणा. त्यांत इंग्रजीची 26 अक्षरं बसतात, वर सहा उरतात. आपली बाराखडी तिथं दारातच अडली असती!

काटकसर म्हणून केलेली ही युक्ती कंपनीपेक्षा जास्त जगली. 1986मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन या गेम कंपनीनं इन्फोकॉम विकत घेतली, 1989मध्ये बंद केली. तोवर हौशी लोकांनी झेड-मशीनची रचना उकलायला घेतली होती. 1993मध्ये ग्रॅहम नेल्सन यांनी असे खेळ लिहिण्याचं साधन, इन्फॉर्म, आणलं, तेव्हापासून त्याच यंत्रासाठी नवे खेळही लिहिले जाऊ लागले. फ्रॉट्झसारखे दुभाषे तर यंत्रामागून यंत्र पादाक्रांत करत गेले.

2010च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स’ या व्हिडिओ गेममध्ये मुख्य मेन्यूवरच्या खुर्चीतून हात सोडवून घ्या, मागच्या जुनाट संगणकापाशी जा, ‘झॉर्क’ टाइप करा. तेच पांढरं घर. प्रकाशक कोण, तर अ‍ॅक्टिव्हिजन.