खुलासा: कॅन्सल केलं म्हणजे गोरुटीन थांबली असं नव्हे

गो भाषेत काम करणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: कॉन्टेक्स्टचं (कामांपर्यंत ‘थांबा’ हा निरोप पोचवणाऱ्या वस्तूचं) कॅन्सल फंक्शन कॉल केलं की त्यावरची गोरुटीन (प्रोग्राममध्ये इतर कामांसोबत वेगळं चालणारं काम) तिथल्या तिथे बंद पडते. हे साफ चूक आहे. एचटीटीपी क्लायंट (वेबवर विनंत्या पाठवणारा कोड) कॉन्टेक्स्ट स्वतःहून पाळतो, म्हणून तसं वाटतं, इतकंच.

कॅन्सल फक्त डन चॅनेल बंद करतं, म्हणजे थांबायचा इशारा देतं. काम थांबेपर्यंत वाट पाहत नाही. गोरुटीनला बाहेरून मारायची सोयच गोमध्ये नाही. लाखभर ओळींची फाइल वाचणारा लूप डन तपासत नसेल, तर तो शेवटच्या ओळीपर्यंत चालणारच. म्हणून दर फेरीला कॉन्टेक्स्टची एरर तपासा आणि कॅन्सलनंतर वेटग्रुपवर (गोरुटीन संपेपर्यंत वाट पाहायच्या साधनावर) थांबा. हे थांबणंच सर्रास गाळलं जातं, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथेच होतं: मेन फंक्शन संपलं की उरलेल्या गोरुटीन अर्ध्यातच तुटतात, त्यांचे डिफरही (फंक्शन संपताना करायची आवराआवर) चालत नाहीत.

सर्व्हरचंही तेच. शटडाउन (सर्व्हर नीट बंद करणारं फंक्शन) कॉल करताच लिसन-अँड-सर्व्ह (सर्व्हर चालवणारं फंक्शन) लगेच परततं. शटडाउन पूर्ण होईपर्यंत मेनला थांबवणं तुमचं काम. कुबरनेटिस (कंटेनरमधले प्रोग्राम चालवणारी प्रणाली) पॉड (कंटेनरचा एक गट) बंद करताना वेगळं सांगितलं नसेल तर ३० सेकंदांची मुदत देतं, मग सिगकिल, म्हणजे प्रोग्राम जबरदस्तीने बंद. शटडाउनचा टाइमआउट त्याहून कमी ठेवा. वेबसॉकेटच्या (ब्राउझर आणि सर्व्हरमध्ये सतत उघड्या राहणाऱ्या) जोडण्या मात्र शटडाउन बंद करत नाही. त्या स्वतः बंद कराव्या लागतात.