अंगणवाडी सेविका, मदतनीस भरती: टक्क्यांआधी कागद बघा

अंगणवाडीची जाहिरात लागली की आमच्या बचत गटात पहिला प्रश्न ठरलेला: “बारावीला किती टक्के हवेत?” पण बरेच अर्ज टक्क्यांपर्यंत पोचतच नाहीत. ते रहिवासाच्या किंवा नावाच्या कागदावर अडतात.

पात्रता थोडक्यात अशी. सेविका आणि मदतनीस दोन्ही पदांना बारावी उत्तीर्ण, वय १८ ते ३५. विधवा असल्यास ४० पर्यंत. हयात अपत्ये दोनपेक्षा जास्त नसावीत. पद मानधनी आहे. मुलाखत नसते, निवड गुणांवर होते. बारावीचे गुण, पुढचं शिक्षण, एमएस-सीआयटी, अनुभव, विधवा किंवा अनाथ असणं, जातप्रवर्ग हे सगळं मोजलं जातं. म्हणूनच ‘काम करून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आता रहिवास. अर्जदार त्याच महसुली गावची हवी. आपल्या कोकणात घोळ इथेच होतो. ग्रुप ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं असतात. खाडीच्या अलीकडची आणि पलीकडची वाडी ग्रामपंचायतीला एक, पण सातबाऱ्यावर गावाचं नाव वेगळं! अंगणवाडी ज्या महसुली गावात आहे त्याच गावातली तुमची वाडी आहे का, हे तलाठ्याकडून पक्कं करून घ्या आणि मगच रहिवासी दाखला काढा.

दुसरी अडचण नावाची. गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. आमच्या गटातल्या एका सुनेचं लग्न नोंदवलेलंच नव्हतं. नवरा मुंबईला कामाला, साक्षीदार गणपतीत गावी येणारे. शेवटच्या आठवड्यात तिची जी धावपळ झाली ती मी जवळून पाहिली आहे. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलाचं राजपत्र आधीच हाताशी असू द्या.

यासोबत शाळा सोडल्याचा दाखला, आधार, रेशनकार्ड, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं. लागू असेल तर जातीचा दाखला, पतीचा मृत्यू दाखला, अनुभवाचं प्रमाणपत्र आणि एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्रही जोडा. मूळ कागद एकदा उघडून पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीतही गुणपत्रिकेला बुरशी धरते. अक्षरं पुसली असतील तर दुय्यम प्रतीसाठी कॉलेजमार्फत मंडळाकडे आत्ताच अर्ज करा, त्याला वेळ लागतो.

जाहिरात ग्रामपंचायतीच्या आणि प्रकल्प कार्यालयाच्या फलकावर लागते. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मुदतीत द्यायचा आणि पोच घ्यायची, तारखेसकट. प्राथमिक गुणवत्ता यादी लागली की स्वतःचे गुण स्वतः मोजा. चूक दिसली तर हरकत लेखीच द्या, तोंडी सांगून काही होत नाही.

मदतनीस पदाला कमी लेखू नका, हे मी प्रत्येकीला सांगते. केंद्राच्या ऑगस्ट २०२२ च्या ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ मार्गदर्शक सूचनांनुसार सेविकांच्या ५० टक्के जागा पाच वर्षं अनुभवाच्या पात्र मदतनिसांमधून, आणि पर्यवेक्षिकांच्या ५० टक्के जागा पाच वर्षं अनुभवाच्या पात्र सेविकांमधून भरायच्या आहेत. पर्यवेक्षिका, म्हणजे आपल्या बोलण्यातली मुख्य सेविका, व्हायचं तर पदवी उपयोगी पडते. मुक्त विद्यापीठातून ती नोकरी करता करता घेता येते.

आणि हे पद मोठं का, ते लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत बसून बघा. वर्षाच्या पोराच्या दंडाला सेविका पट्टी गुंडाळते. घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर ते मूल तीव्र कुपोषित. पट्टी सैल धरली तर तेच पोर धडधाकट म्हणून नोंदलं जातं. गरोदर बाईचं नाव वेळेत नोंदणं, तिचा आहार घरी पोचवणं, वजन घटलेल्या बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडणं, हे सगळं तिच्याच नजरेवर चालतं. वाडीतल्या सुना जिला आपलं मानतात अशी बाई तिथे बसायला हवी. तुमच्या वाडीत अशी कोणी असेल तर जाहिरातीची वाट न बघता तिला आधी विवाह नोंदणीला आणि तलाठ्याकडे घेऊन जा.