रायफलची नळी बदलायची आहे? आधी परवान्याचे नियम समजून घ्या

रायफलची नळी घरच्या घरी बसवून आवळायची कशी, हे दाखवणारे परदेशी व्हिडिओ पाहून अनेकांना वाटतं, पान्याचंच काम आहे, जमेल. भारतात ते करू नका. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात. म्हणजे कपाटात ठेवलेली नुसती नळीसुद्धा परवान्याच्या कक्षेत येते. ती परदेशातून मागवायची तर आयातीचा वेगळा परवाना लागतो.

माझ्याकडे बंदुकीचा परवाना आहे, मग माझ्याच रायफलची नळी मी का बदलू नये, असा प्रश्न बरेच जण विचारतात. तुमचा परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे. बनवणं, दुरुस्त करणं, रूपांतर करणं, चाचणी घेणं यासाठी कलम ५ खाली स्वतंत्र परवाना लागतो, आणि नळी आखूड करण्यासाठी कलम ६ खाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या दोन्ही कलमांच्या उल्लंघनाला किमान ७ वर्षं ते जन्मठेप आणि दंड अशी शिक्षा आहे. शिवाय नळी नीट बसली नाही आणि काडतूस बसण्याच्या जागेत किंचित जरी फरक राहिला, तर बार उडताना काडतुसाचं कवच फाटून गरम वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. हे अंतर मापकाने तपासावं लागतं, अंदाजाने कळत नाही.

आता शस्त्र बाळगण्याच्या परवान्याकडे वळू. अर्जदाराचं वय किमान २१ हवं. नेमबाजीच्या सरावासाठी त्याहून लहानांना वेगळ्या अटींवर मुभा आहे. शस्त्र कोणतं मागता यावर बरंच अवलंबून असतं. संरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बोअरची (नळीत आतून खाचा नसलेली) बंदूक, पिकांच्या रक्षणासाठी ठासणीची (तोंडाकडून दारू ठासून भरायची) बंदूक, किंवा मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला सरावासाठी पॉइंट २२ (नळीच्या आतल्या व्यासाचं माप, इंचात) रायफल यांना कायद्याने तुलनेने सोपी वाट ठेवली आहे. इतर रायफलसाठी ‘सबळ कारण’ पटवून द्यावं लागतं. म्हणून अर्जातला कारणाचा रकाना घाईत भरू नका. ‘स्वसंरक्षण’ एवढा एकच शब्द लिहून काही साधत नाही. धमकीची पोलिसांत नोंद झाली असेल तर तिची प्रत जोडा.

अर्ज नमुना ए-१ मध्ये, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या शस्त्र परवाना पोर्टलवर भरायचा. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर तो पोलीस आयुक्तांकडे जातो, अन्यथा जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संबंधित शाखेत. सोबत फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा. नमुना एस-३ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र मानसिक आणि शारीरिक आरोग्याचं असतं, ते शेवटच्या दिवसावर ढकलू नका. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला नमुना एस-१ मध्ये मिळतो. पीकसंरक्षणासाठी अर्ज असेल तर सातबारा जोडा. स्थानिक कार्यालय आणखी काही मागू शकतं, तेव्हा यादी आधी विचारून घ्या.

मग पोलीस पडताळणी होते. नियमांनुसार पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. चौकशीला पोलीस घरी येतील तेव्हा मूळ कागदपत्रं हाताशी असू द्या आणि जुना गुन्हा असेल, अगदी निर्दोष सुटला असाल तरी, लपवू नका. लपवाछपवी उघड झाली की परवाना मिळाल्यानंतरही रद्द होऊ शकतो.

परवाना आता ५ वर्षांसाठी असतो आणि एका व्यक्तीला साधारणपणे दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. अर्ज नाकारला तर लेखी कारण मागा. कलम १८ खाली अपील करता येतं, फक्त आदेश सरकारचा किंवा सरकारच्या निर्देशावरून दिलेला नसावा.

नळी खराब झालीच, तर रायफल आणि मूळ परवाना घेऊन दुरुस्तीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जा. त्याचा परवाना पाहायला मागा, यात संकोच कसला? शस्त्र ठेवून घेतल्याची पावती शस्त्राच्या क्रमांकासह घ्या. नव्या नळीवरचा क्रमांक वेगळा असेल तर परवान्यावरच्या नोंदीबाबत परवाना कार्यालयाला काम सुरू होण्याआधीच लेखी विचारा. क्रमांक खोडणं किंवा बदलणं हा कलम ८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, त्यामुळे जुन्या नळीचं काय करायचं हेही त्याच पत्रात विचारून घ्या.