रीसायकल बिन

रीसायकल बिन म्हणजे संगणकावर डिलीट केलेल्या फाइली कायमच्या जाण्याआधी जिथे राहतात ते फोल्डर. ॲपलच्या लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांच्या पडद्यावर कचरापेटीचे चित्र होते. विंडोजमध्ये ही सोय विंडोज ९५ पासून आली. मॅकवर आणि लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉपवर तिला ट्रॅश म्हणतात.

डेस्कटॉपवर बिन एकच दिसते, पण विंडोज प्रत्येक ड्राइव्हवर वेगळे लपवलेले फोल्डर ठेवते आणि त्यात प्रत्येक वापरकर्त्याचा कप्पा निराळा असतो. फाइल डिलीट केली की तिच्यातला मजकूर जागचा हलत नाही, फक्त नोंद या कप्प्यात येते आणि नाव बदलते. विंडोज व्हिस्टापासून एका फाइलमागे इथे दोन फाइली तयार होतात. डॉलर-आर या अक्षरांनी सुरू होणारीत मूळ मजकूर असतो, डॉलर-आयने सुरू होणारीत मूळ पत्ता, आकार आणि डिलीट केल्याची वेळ. ‘रीस्टोअर’ दाबल्यावर फाइल बिनचूक जुन्या जागी जाते ती या दुसऱ्या फाइलमुळे. बिनमध्ये फाइली पडून असेपर्यंत डिस्कवर जागाही मोकळी होत नाही, हे त्यातूनच येते.

सर्वांत जास्त तक्रार असते ती फाइल बिनमध्ये सापडत नाही अशी. पुष्कळदा ती तिथे गेलेलीच नसते. शिफ्ट धरून डिलीट केलेली फाइल बिनला वगळून जाते. पेन ड्राइव्हवरची आणि नेटवर्कवरच्या फोल्डरमधलीही सहसा तशीच जाते. शिवाय प्रत्येक ड्राइव्हच्या बिनला कमाल आकार ठरवून दिलेला असतो. त्यात न मावणारी फाइल विंडोज कायमची काढून टाकते. तसे विचारणारी खिडकी येते खरी, पण ती वाचतो कोण? आणि बिन भरली की सर्वांत जुन्या फाइली गुपचूप बाहेर पडतात. बिनच्या चिन्हावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास प्रत्येक ड्राइव्हची ही मर्यादा दिसते. त्याच खिडकीत फाइल बिनमध्ये न नेता लगेच काढून टाकण्याचा पर्याय असतो; तो निवडलेला असेल तर पुढचा शोध व्यर्थ आहे. डिलीट करताना खात्री करून घेणारा प्रश्नही इथेच चालू करता येतो. विंडोज ८ पासून तो मुळात बंद असतो.

उलट तक्रार बिन रिकामी न होण्याची, किंवा ती ‘करप्ट’, म्हणजे बिघडलेली, असल्याच्या संदेशाची. अशा वेळी कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करून देण्याची खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून त्या ड्राइव्हवरचे लपवलेले फोल्डरच काढून टाकतात. विंडोज ते नव्याने तयार करते. मात्र त्या ड्राइव्हवरच्या सर्व वापरकर्त्यांच्या डिलीट केलेल्या फाइली त्यासोबत जातात, तेव्हा हव्या असलेल्या आधी परत घ्याव्यात. डेस्कटॉपवरून नुसते चिन्हच नाहीसे झाले असेल तर ‘पर्सनलायझेशन’मधल्या ‘थीम्स’खाली डेस्कटॉप आयकॉनच्या सेटिंगमध्ये ते पुन्हा चालू होते.

सफाईच्या सॉफ्टवेअरने गुंता वाढतो. विंडोज १० मध्ये २०१७ साली आलेले ‘स्टोरेज सेन्स’ चालू असले तर ३० दिवसांहून जुन्या फाइली बिनमधून आपोआप काढते. वापरकर्त्याने ते चालू केले नसले तरी डिस्कवरची जागा कमी पडली की ते स्वतःहून कामाला लागते. ही मुदत १, १४, ३० किंवा ६० दिवस ठेवता येते, किंवा ‘नेव्हर’ निवडता येते. मॅकवरही ३० दिवसांनी ट्रॅश रिकामा करण्याचा पर्याय आहे. सीक्लीनर या सफाईच्या सॉफ्टवेअरमध्ये बिन रिकामी करण्याच्या चौकटीत आधीपासूनच टिक असते. मात्र ‘ॲडव्हान्स्ड’ सेटिंगमध्ये बिनमधल्या २४ तासांहून जुन्याच फाइली काढण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर आज डिलीट केलेली फाइल सफाईनंतरही तशीच राहते. सॉफ्टवेअर बिघडले असे समजून ते काढून पुन्हा टाकणारे कितीतरी असतात. बिघाड मुळी नसतोच.

‘डाउनलोड्स’ फोल्डरचे प्रकरण याहून त्रासाचे. विंडोज १० च्या २०१८ मधल्या एका आवृत्तीत ‘डिस्क क्लीनअप’ या विंडोजच्याच सफाईच्या साधनाच्या यादीत हे फोल्डर आले आणि सगळ्या चौकटींत टिक करण्याची सवय असलेल्यांच्या कामाच्या फाइली गेल्या. २०२० च्या आवृत्तीत ते यादीतून काढले. कोणत्याही सफाईच्या यादीत ‘डाउनलोड्स’ दिसले की टिक काढलेली बरी.

बिन रिकामी झाल्यावरही हार्ड डिस्कवरचा मजकूर लगेच पुसला जात नाही. ती जागा मोकळी म्हणून नोंदली जाते आणि नवे काही तिथे लिहिले जाईपर्यंत फाइल परत मिळू शकते. म्हणून त्या ड्राइव्हवर काहीही न साठवता, रिकव्हरीचे सॉफ्टवेअरसुद्धा दुसऱ्या ड्राइव्हवर टाकून, शोध घ्यायचा असतो. एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या चिपच्या डिस्कवर, ही आशा फार थोडी, कारण ट्रिम या आज्ञेमुळे डिस्क मोकळे झालेले भाग स्वतःच पुसून टाकते.