‘लायब्ररी नाही’ म्हणतंय कोण?

रात्री सव्वानऊला दादरला डोंबिवलीच्या गाडीत कसाबसा शिरलो आणि ज्युनिअरचा फोन आला. “सर, एनजिनएक्स पीसीआरई नाही म्हणतंय. मी तर इन्स्टॉल केलंय!” एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, पोरगा तो सोर्सपासून बनवत होता; पीसीआरई ही मजकुरातले नमुने शोधणारी लायब्ररी, ती त्याला लागते.

“अरे, म्हणतंय कोण? कॉन्फिगर की तयार झालेला सर्व्हर?”

वाक्य जवळजवळ सारखंच, पण दुखणी दोन.

कॉन्फिगर, म्हणजे बांधणीआधी सगळं सामान आहे ना ते तपासणारी स्क्रिप्ट, म्हणत असेल, तर अजून काही बनलेलंच नाही. ते एक चिमुकला सी प्रोग्रॅम लिहून पीसीआरईसकट कंपाइल करून बघतं. त्याला हेडर फाइल (लायब्ररीत काय काय आहे ते कंपायलरला सांगणारी) लागते आणि ती साध्या पॅकेजात नसते. उबुंटूवर शेपटीला ‘डेव्ह’ असलेलं पॅकेज टाकायचं, रेड हॅटच्या घराण्यात ‘डेव्हेल’. तरीही अडलं तर ‘ऑब्ज्स’ फोल्डरमधली ‘ऑटोकॉन्फ डॉट एरर’ फाइल उघडा. कंपायलरची खरी तक्रार तिथे असते, पण ती फाइल कोणी उघडत नाही. शिवाय एनजिनएक्स १.२१.५ च्या आधीचं असेल तर त्याला पीसीआरई२ ही नवी पिढी चालत नाही, जुनंच लागतं.

कॉन्फिगरला द्यायचा सगळ्यात फसवा पर्याय ‘विथ-पीसीआरई’. त्याच्यापुढे लोक बिनधास्त ‘यूएसआर लोकल’ लिहितात. एनजिनएक्सला तिथे पीसीआरईच्या सोर्सचा फोल्डर हवा असतो, इन्स्टॉल केलेली जागा नव्हे. कॉन्फिगर मुकाट पुढे जातं आणि प्रत्यक्ष बांधणी करणारं मेक आपटतं. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये याच नावाच्या पर्यायाला पीसीआरई-कॉन्फिग या प्रोग्रॅमचा पत्ता द्यायचा असतो, म्हणून एकाची सवय दुसरीकडे नडते.

सर्व्हर बनला, पण सुरू होताना ‘शेअर्ड लायब्ररी’ म्हणून रडला, तर डेव्ह पॅकेजचा विषय संपला. आता प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी जोडणाऱ्या लोडरला फाइल सापडत नाहीये. बायनरीवर (तयार प्रोग्रॅमवर) एलडीडी ही कमांड चालवा, ‘नॉट फाउंड’ कुणापुढे आहे ते दिसेल. लायब्ररी ‘यूएसआर लोकल लिब’मध्ये असेल, तर तो पत्ता ‘एलडी डॉट एसओ डॉट कॉन्फ डॉट डी’तल्या फाइलीत लिहून एलडीकॉन्फिग चालवायचं, म्हणजे लोडरची यादी ताजी होते. टर्मिनलमध्ये ‘एलडी लायब्ररी पाथ’ या व्हेरिएबलमध्ये पत्ता देऊन काम भागतं, पण सर्व्हर आपोआप सुरू करणाऱ्या सिस्टमडीला तो दिसत नाही. नावाच्या शेवटी तीन असलेल्या लायब्ररी फाइलीला एकचं नाव देऊन सिमलिंक (दुसऱ्या नावाचा दुवा) मारणं मात्र माझ्यासमोर नको.

पोराचं पहिलंच दुखणं होतं, डेव्ह पॅकेज राहिलं होतं. डोंबिवलीला उतरलो तेव्हा मेसेज आला होता : “पीसीआरई मिटलं सर. आता झेडलिब नाही म्हणतंय.”