मडचा दाब आणि खडकाचा दाब : अंडरबॅलन्स्ड ड्रिलिंगची पार्श्वभूमी

नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत एखाद्या नव्या ले-आउटमध्ये बोअरची गाडी उभी राहिली की आसपासच्या घरांना दोन गोष्टी सोसाव्या लागतात, कॉम्प्रेसरचा आवाज आणि धूळ. रॉडच्या पोकळीतून सोडलेली दाबाची हवा तळाशी हॅमर चालवते आणि बिटने फोडलेला दगडाचा चुरा रॉडच्या बाहेरून वर उडवते. गाडीवरचा माणूस त्या चुऱ्याचा रंग पाहून, मूठभर हातात घेऊन, खाली मुरूम आहे की काळा पाषाण याचा अंदाज बांधत असतो. पाण्याची झीर लागली की कोरडी पूड आधी ओलसर होते, मग तिचा राडा होतो आणि शेवटी पाणी फवाऱ्यासारखे तोंडाशी येते. बोअर चालू असतानाच ते येऊ शकते, कारण भोकात त्याला अडवणारे काही भरलेले नसते. तेल आणि वायूच्या विहिरींच्या संदर्भात ‘अंडरबॅलन्स्ड ड्रिलिंग’ म्हणतात त्याचे मर्म हेच आहे. भोकातील स्तंभाचा दाब खडकातील द्रवाच्या दाबापेक्षा जाणूनबुजून कमी ठेवायचा आणि खोदकाम चालू असतानाच विहीर वाहू द्यायची. फरक इतकाच की आपल्या ले-आउटमध्ये वर येते ते पाणी असते.

या तंत्राचा उल्लेख बहुधा १९९० च्या दशकातील नवलाई म्हणून केला जातो, तो मला पटत नाही. १८५९ साली अमेरिकेतील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांच्या विहिरीला सुमारे २१ मीटरांवर तेल लागले, तेव्हा दोराला बांधलेली जड पहार वर उचलून खाली आपटणे हीच खोदण्याची रीत होती. चीनमधील सिच्वान प्रांतात मिठाच्या पाण्यासाठी अशाच ठोक्यांनी १८३५ पर्यंत हजार मीटरांची खोली गाठली गेली होती. या पद्धतीत भोक काठोकाठ भरलेले नसे. चुरा उपसण्यापुरते पाणी तळाशी असे. म्हणजे या साऱ्या विहिरी कमी दाबाच्याच होत्या, फक्त दुसरी रीत प्रचलित नसल्यामुळे कोणी त्यांना वेगळे नाव दिले नव्हते.

दुसरी रीत रूढ झाली ती भीतीपोटी आणि सोयीपोटी. टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे मऊ, ढासळणाऱ्या वाळूतून खोदताना फिरत्या बिटभोवती चिखलाचे पाणी खेळवण्यात आले. त्यासाठी डबक्यात गुरे फिरवून चिखल तुडवून घेतला, अशी हकीकत सांगतात. १० जानेवारी १९०१ रोजी त्या विहिरीतून तेलाचा जो स्तंभ उसळला, तो आवरायला नऊ दिवस लागले. छायाचित्रांत तो दिमाखदार दिसत असला, तरी जमिनीवर सांडणारे तेल म्हणजे नुकसान आणि आगीचे भय. पुढील दोन-तीन दशकांत भोकात खेळवायच्या या चिखलाचे, म्हणजे ‘मड’चे, शास्त्र झाले. बेंटोनाइट मातीने त्याला दाटपणा आला आणि पाण्याच्या चौपटीहून जड असलेल्या बराइटच्या भुकटीने वजन आले. (त्या बराइटचा एक प्रचंड साठा आपल्या देशात, आंध्रातील मंगमपेट येथे आहे.) १९२२ साली अॅबरक्रॉम्बी आणि कॅमेरॉन यांनी विहिरीचे तोंड पोलादी जबड्यांनी मिटवणारे यंत्र, म्हणजे ब्लोआउट प्रिव्हेंटर, तयार केले. तेव्हापासून ड्रिलिंगचा पहिला धडा ठरला : मडचा दाब खडकाच्या दाबापेक्षा नेहमी जास्त हवा.

या धड्याची किंमत हिशेबाने समजते. पाण्याच्या दहा मीटर स्तंभाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो भरतो. तीन हजार मीटर खोलीवर पाणी असेल तर ३०० किलो आणि पाण्याच्या १.२ पट जड मड असेल तर ३६० किलो. खडकातील दाब ३०० असेल, तर वरचे ६० किलो मडला खडकाच्या छिद्रांत ढकलत राहतात. बारीक माती छिद्रांच्या तोंडाशी बसते, पाणी आत मुरते, खडकातील चिकणमाती फुगते आणि ज्या वाटांनी तेल यायचे त्याच वाटा बुजतात. १९५३ साली व्हॅन एव्हरडिंगेन आणि हर्स्ट यांनी विहिरीभोवतीच्या या बाधित कड्याचा परिणाम गणितात बसवला. त्याला ‘स्किन’, म्हणजे कातडी, असे नाव पडले. अनेक वर्षे उपसा होऊन थकलेल्या क्षेत्रात तर पंचाईत आणखी वाढते. खडकाचा दाब ३०० वरून २०० वर आला असेल, तर मड सोडाच, निव्वळ पाणीसुद्धा १०० किलोंनी जड पडते. तिथे स्तंभात हवा, वायू किंवा फेस मिसळून तो हलका करणे ही चैन उरत नाही.

हवेने खोदण्याची मोठी लाट १९५० च्या दशकात अमेरिकेत आली, विशेषतः न्यू मेक्सिकोतील सॅन हुआन खोऱ्यात, जिथे शेजारच्या विहिरींतील नैसर्गिक वायूच दाबाने आत सोडला जाई. हेतू प्रामुख्याने वेगाचा होता. बिटखालच्या खडकावर मडचा भार नसला की तो लवकर फुटतो आणि कठीण, कोरड्या थरांत खोदण्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो. भारतात १९६६-६७ च्या दुष्काळानंतर युनिसेफच्या मदतीने पिण्याच्या पाण्यासाठी हवेवर चालणारी बोअरची यंत्रे आली, त्यामागेही हेच कारण होते. कठीण दगडात दुसरे काही इतक्या लवकर चालत नव्हते.

तेलक्षेत्रात मात्र हवेने एक जुने संकट नव्याने आणले. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ठिणगी पुरते. उमरेड किंवा कामठीच्या कोळसा पट्ट्यात ज्यांच्या घरात खाणीत काम केलेले कोणी आहे, त्यांना हे आकडे नवे नाहीत. फरक असा की विहिरीत ही आग हजार मीटर खाली, रॉड आणि खडक यांच्या फटीत लागते आणि वर कळते ते रॉड वितळून अडकल्यावर. त्यामुळे हवेच्या जागी नायट्रोजन आला. सुरुवातीला तो द्रवरूपात टँकरने आणावा लागे. पुढे पटलातून हवा गाळून जागेवरच नायट्रोजन वेगळा करणारी यंत्रे आल्यावर खर्च आटोक्यात आला.

खरे वळण मिळाले ते आडव्या विहिरींमुळे. १९८० च्या दशकाच्या शेवटी टेक्सासच्या ऑस्टिन चॉक या भेगाळलेल्या चुनखडकात आडवे खोदताना मड भेगांतून गायब होऊ लागला. शेवटी हलक्या द्रवाने खोदायचे आणि येणारे तेल वर वेगळे करून घ्यायचे असा मार्ग काढण्यात आला. उभ्या विहिरीची कातडी काही मीटर जाडीच्या थरापुरती असते आणि स्फोटकांनी भोके पाडून तिच्या पलीकडे जाता येते. (त्या कामाच्या स्फोटकांचे परवाने नागपुरात मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय संस्थेकडून मिळतात.) आडवी विहीर शेकडो मीटर थरातूनच धावते आणि बहुतेकदा उघडीच ठेवली जाते, तिची कातडी सोलणार कोण? १९९० च्या दशकात कॅनडातील आल्बर्टामध्ये हे तंत्र स्थिरावले ते याच कारणाने.

विहीर वाहती ठेवायची म्हणजे ब्लोआउटला आमंत्रण, असा गैरसमज अजूनही आढळतो. १९९५ मध्ये आंध्रातील पासर्लपुडी येथील विहीर दोन महिन्यांहून अधिक काळ जळत राहिली. २०२० मध्ये आसामातील बागजान येथे दुरुस्तीचे काम चालू असताना वायू उसळला, पुढे आग लागली, अग्निशमन दलाचे दोन कर्मचारी दगावले आणि विहीर शांत व्हायला नोव्हेंबर उजाडला. या दोन्ही ठिकाणी दाब अडवायचा होता आणि तो अडवता आला नाही. अंडरबॅलन्स्ड ड्रिलिंगमध्ये प्रवाह गृहीतच धरलेला असतो. फिरत्या रॉडभोवती रबरी सील घट्ट बसवून, प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या चोक व्हॉल्व्हमधून, तेल, वायू, पाणी आणि चुरा वेगळे करणाऱ्या टाकीपर्यंत त्याला बंदिस्त वाट दिलेली असते. नियंत्रण मडच्या स्तंभाकडून जमिनीवरच्या पोलादाकडे येते. त्यामुळे रबराची झीज आणि चोकवरच्या माणसाचे लक्ष या दोन गोष्टींवर सारे अवलंबून राहते. द्रवात मिसळलेल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे मडच्या दाबलहरींतून येणारे तळाचे संदेशही पुसले जातात, म्हणून विद्युतचुंबकीय संदेशवहन वापरावे लागते. शिवाय ढिसूळ थराला आधार देणारा दाबच काढून घेतल्याने भिंत ढासळू शकते.

या अडचणींतूनच २००० नंतर मॅनेज्ड प्रेशर ड्रिलिंग ही मधली वाट पुढे आली. साधने तीच, पण दाब खडकाच्या किंचित वर ठेवायचा आणि विहीर वाहू द्यायची नाही. समुद्रावर ती अधिक रुजली. पूर्ण कमी दाबाचे खोदकाम थकलेल्या आणि भेगाळ क्षेत्रांपुरते राहिले आणि तिथेही एक साधी चूक सगळ्यावर पाणी फिरवत असे. महिनाभर जपून विहीर वाहती ठेवायची आणि शेवटी तेल वर आणणारी नळी उतरवण्यासाठी ती जड द्रवाने भरून तिचा प्रवाह बंद करायचा, की जी कातडी टाळली होती ती एका दिवसात तयार. यावर उपाय म्हणून केसिंगमध्येच, म्हणजे विहिरीला आतून बसवलेल्या पोलादी नळात, खोलवर झडप बसवली जाऊ लागली. रॉड तिच्या वर आले की ती मिटते, वरचा भाग दाबमुक्त होतो आणि खालची विहीर मडचा एक थेंबही न पाहता आपल्या दाबाने वाट पाहत राहते.